नखावरचं तीर्थ

आमच्या देवघरात पितळेची एक डबी आहे. तिच्यात नाथांच्या धुनीचा अंगारा असतो. मठ आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, पुणतांब्याच्या रस्त्याला लागून. दर गुरुवारी मी डबी भरून आणते. सकाळी पूजा झाली की कपाळाला एक बोट आणि जिभेवर एक चिमूट, असा माझा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. एका माणसाच्या नेमाला एक डबी आठवडाभर पुरते, वर थोडी उरतेही. यंदा श्रावण लागला आणि डबी सोमवारीच तळाला जाऊ लागली.

आधी वाटलं, झाकण सैल झालं असेल, अंगारा सांडत असेल. मी डबीखाली पांढरं फडकं अंथरून पाहिलं. फडकं स्वच्छच राहिलं. मग वाटलं, आपणच विसरून दोनदा घेत असू. तसं मला अलीकडे विसरायला होतंही. दूध उतू जातं, हातातलं काम हातात राहतं. पण एवढा अंगारा काही विसरून संपत नाही.

घरात आम्ही तिघं. मी, माझा मुलगा वैजनाथ आणि सून पंकजा. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली. वैजनाथचा टेम्पो आहे. पेरूच्या दिवसांत तो राहात्याहून पेरूचे क्रेट घेऊन निघतो तो पार नाशिक-पुण्यापर्यंत. देवाशी त्याचा संबंध एवढाच, की टेम्पोच्या काचेवर नाथांचं चित्र आहे. पंकजा पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यांच्यामागे फडाफडावर फिरत ही शिकली, बारावी झाली. हाताला चांगली आहे, बायकांचे ब्लाउज शिवते. देवाला ती कधी नाही म्हणाली नाही, पण हो म्हणून देवघरात बसलेलीही मी तिला पाहिली नव्हती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी माझ्याबरोबर धरायची, तेही वेगळा स्वयंपाक कशाला म्हणून. मी तिला काही बोलले नाही. बोलून कुणाला देव लागत नाही. पण रोज दिवा लावताना मनात यायचं, माझ्यामागे या देवघरात कोण बसणार? एवढी एक गोष्ट मी नाथांकडे मागत होते. बाकी काही मागावं असं माझं उरलेलं नाही.

आणि एके दिवशी मी पाहिलं. दुपारची वेळ, मी गोठ्यातून आत आले, तर पंकजा देवघरापुढे उभी. डावा हात भिंतीला टेकलेला, उजव्या हाताचं बोट डबीत. बोट जिभेवर ठेवून तिने डोळे मिटले. मी जिथे होते तिथेच थांबले. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की माझेच डोळे भरून आले. कपाळ मोकळं होतं, अंगारा कपाळाला लावलेला नव्हता, हे मला दिसलं होतं. पण त्या घडीला ते मनात शिरलं नाही.

मी पाय न वाजवता मागे फिरले. विचारलं तर लाजेल, आणि लाजली तर येणं सोडेल, असं वाटलं. पुढच्या गुरुवारी मात्र मी मोठा स्टीलचा डबा घेऊन मठात गेले. पुजारी भिमाजीबाबा म्हणाले, "मनकर्णाबाई, भिंती सारवायच्यात का अंगाऱ्यानं?"

मी म्हटलं, "घरात नेम करणारं माणूस वाढलं, बाबा."

"कोण, वैजनाथ?"

"सून."

त्यांनी डबा धुनीजवळ नेऊन दाबून भरून दिला.

पंकजा त्या दिवसांत उजळलीही होती. रंग मुळात सावळा, तो फिकट होत चालला होता. लंकाबाई म्हणजे आमच्या भावकीतली माझी जाऊ, शेजारच्याच वस्तीवर राहते. ती येता-जाता म्हणायची, "आक्का, सून लई उजाळली गं तुजी! काय लावतीया तोंडाला? आमाला बी सांग की."

"नाथांचा अंगारा," मी हसून सांगायची.

"मग मी आख्खी धुनीच तोंडाला फासते. पर माजं ध्यान उजाळायचं न्हाई."

मला तेव्हा खरंच वाटायचं, की हे आतलं तेज आहे.

नंतर ती तीर्थाची गोष्ट घडली. श्रावणातलाच गुरुवार होता. पूजा झाल्यावर पळीने तीर्थ द्यायला मी पंकजाला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, उजवा हात गाईच्या कानासारखा वळवून पुढे केला. पळी जरा बाजूला गेली आणि तीर्थाचा एक थेंब तळहातावर न पडता तिच्या अंगठ्याच्या नखावर पडला. पडला आणि तिथेच बसला. मी वाट पाहिली, ओघळेल म्हणून. नाही ओघळला. अळूच्या पानावर पाणी राहतं तसा गोल, त्यात समईची ज्योत उलटी दिसत होती.

"आत्या, बघा," पंकजा हसली. तिने हात हळू डावीकडे नेला, उजवीकडे नेला. थेंब नुसता हलला. "बसलाय. उठायला तयार नाही."

मी तिचा अंगठा जवळ घेऊन पाहिला. नख मध्ये खोलगट झालं होतं, कडा वर आलेल्या. जणू लहानशी पळीच. चारी बोटांकडे पाहिलं, तीही तशीच होऊ लागलेली. मला काही सुचेना. तीर्थ घ्यायला हिच्या हाताला जागा झाली, एवढंच माझ्या मनात आलं. अंगावर काटा आला. तिने अंगठा ओठांना लावून थेंब पिऊन टाकला आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. मी बराच वेळ पळी हातात धरून तशीच उभी होते.

हे मी कुणाला सांगायला नको होतं. पण आनंद पोटात राहीना, आणि सांगितलं तेही लंकाबाईला. लंकाबाईला सांगणं आणि मठाच्या भोंग्यावरून सांगणं सारखंच.

एकादशीला दुपारी भजनाला बायका आमच्याकडे जमल्या त्या एरवीपेक्षा जास्त. टाळ खाली ठेवले तसं सगळ्यांनी पंकजाला मध्ये बसवलं. ती म्हणत होती, "अहो काय हे, माझे ब्लाउज राहिलेत." पण बसली. मी पळीने थेंब सोडला. थेंब थांबला. कुणी हात जोडले, कुणी पुढे सरकून तिच्या पायाशी हात नेला. पंकजाने पाय साडीत ओढून घेतले.

"आता माजं बघ," म्हणत लंकाबाईने आपला अंगठा पुढे केला. सगळ्या हसल्या. लंकाबाई देवाचं नाव घेते ते म्हशीला शिव्या घालताना. उपास तिला माहीत नाही. जेवणावर वासना नाही, दिवसभर चहा, चहावर चहा. मी थेंब सोडला.

थांबला.

लंकाबाई स्वतःच डोळे मोठे करून अंगठ्याकडे बघत राहिली. "अगं बया! मी काय केलं?"

मग सुकन्या पुढे आली. आमच्या भजनी मंडळात सगळ्यात कडक व्रतं तिची. सोळा सोमवार, प्रदोष, काही सोडत नाही. पहिल्यापासून अंगाने धडधाकट. तिच्या नखावर थेंब पडला आणि सरळ मनगटापर्यंत ओघळला. मी पुन्हा सोडला, पुन्हा ओघळला. तिचं तोंड एवढंसं झालं. "वयनी, पळी नीट धरा ना," ती म्हणाली. मी नीटच धरली होती.

अजून एक-दोघींच्या नखावर थांबला, बाकीच्यांच्या नाही. जिच्यावर थांबावा असं वाटे तिच्यावर थांबेना, आणि ध्यानीमनी नसेल तिथे बसून राही. मला कळेना, हा कसला निवाडा. लंकाबाई भिमाजीबाबांना बोलावून घेऊन आली. त्यांनी चष्मा पुसून तिचं नख पाहिलं, पंकजाचं पाहिलं, सुकन्याचंही पाहिलं. म्हणाले, "मला धुनीचं लाकूड कळतं. हे मला कळत नाही." आणि उठून गेले. मला त्यांचा थोडा रागच आला. पुजाऱ्याने काहीतरी सांगायला हवं होतं.

"आता मला सुदरावं लागंल व्हय गं?" जाताना लंकाबाई हळूच विचारत होती.

त्यानंतर आठवडा झाला नसेल. पंकजा वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली, ती जिन्यातच बसली. मी धावले. तिचा श्वास लागला होता, हात बर्फासारखे. छातीवर हात ठेवला तर आत मशीन चालावी तशी धडधड. "काही नाही आत्या, जरा डोळ्यांपुढे काळं आलं. येतं मला असं," ती म्हणाली. येतं? कधीपासून? मी एकाच घरात राहते, मला माहीत नव्हतं. मी तिचं डोळे मिटून भिंतीला टेकणं पाहिलं होतं आणि त्याला समाधी समजले होते.

वैजनाथ घरीच होता. त्याने टेम्पोतले रिकामे क्रेट उतरवले आणि आम्ही तिघं राहात्याला निघालो. मी घाईत अंगाऱ्याची पितळी डबी बरोबर घेतली होती. टेम्पोत पंकजा माझ्या आणि वैजनाथच्या मध्ये बसली होती. थोडं पुढे गेल्यावर तिने माझ्या मांडीवरची डबी उचलली, झाकण काढलं आणि खायला लागली. एक चिमूट, मग दुसरी, मग तीन बोटांनी. जत्रेतून येताना पोरं फुटाणे खातात तशी. ओठांच्या कडा राखाडी झाल्या. मी बघत राहिले.

"अगं किती? पोटात काय होईल?"

ती थांबली, ओशाळली. "राहवत नाही आत्या. वास आला की तोंडाला पाणी सुटतं. मागं फडावर असताना आई चूल सारवायची, ती ओली माती मी अशीच खायची. मार खाल्लाय त्याच्यापायी."

"पण हा तर नाथांचा म्हणून घेतेस ना?"

तिने डबीचं झाकण लावलं. टेम्पोने एक वळण घेतलं. मग खाली बघून म्हणाली, "तुमच्याशी खोटं कसं बोलू? नाथांचं मला काही वाईट नाही. पण माती असती तरी मी खाल्लीच असती. घरात सगळीकडं फरशी, आणि बाहेरची माती खाताना कुणी बघितलं तर? अंगारा होता."

वैजनाथ एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "म्हणजे ही राख खाते? आणि आई, तू डबे भरभरून आणतेस?"

"मला वाटलं…" मी म्हटलं. पुढे काय म्हणणार?

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पंकजाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायला हवं ते पांढुरकं होतं. मग हात हातात घेतले, नखं पाहिली. टेबलावरच्या बाटलीतून एक थेंब पाणी तिच्या अंगठ्याच्या नखावर टाकलं आणि हात किंचित कलता केला. थेंब थांबला.

साधं पाणी होतं ते. बिसलेरीचं.

"नख चमच्यासारखं झालंय," त्या म्हणाल्या. "शरीरातलं लोह कमी झालं की असं होतं. नख पातळ पडतं, मधून बसतं. माती, राख, खडू, कच्चे तांदूळ खाता का?"

पंकजाने मान हलवली. रक्त तपासायला दिलं. जरा वेळाने कागद आला, हिमोग्लोबिन सात.

"पाळीत फार जातं का?" पंकजाने माझ्याकडे पाहिलं, मग वैजनाथकडे. वैजनाथ टेम्पो नीट लावलाय का बघायला म्हणून बाहेर गेला. ती हळू म्हणाली, "लई जातं. सांगायचं कुणाला?"

डॉक्टर बाईंनी सगळं समजावून सांगितलं. गोळ्या द्यायच्या, गोळीबरोबर चहा नाही, जेवणावर लगेच चहा नाही, त्याने लोह अंगी लागत नाही. पालेभाजी, डाळी, बाजरीची भाकरी, चालत असेल तर अंडी-मटण. पाळीचं नीट तपासायचं, सोनोग्राफी करायची, ते सोडायचं नाही. "आणि गोळीच्या वेळेला लिंबू किंवा पेरू खा. राहात्याची माणसं तुम्ही, पेरू काय फक्त बाहेरगावी पाठवायला लावलेत?" साबुदाण्याच्या उपासांबद्दल विचारलं तेव्हा पंकजाच म्हणाली, "ते मी आपल्या मनानं करते. आत्या सांगत नाहीत." मी मान खाली घातली.

"आणि ही जी राखेची ओढ आहे ना," डॉक्टर बाई म्हणाल्या, "ती आठ-पंधरा दिवसांत जाईल. गोळ्या सुरू झाल्या की ओढ आधी जाते. नखं भरून यायला मात्र काही महिने लागतात."

ओढ जाईल.

त्यांनी तो शब्द सहज वापरला. आमच्याकडे ओढ म्हणजे दुसरं काही नसतंच. नाथांची ओढ लागली म्हणतो. कुणाला लागते, कुणाला लागत नाही. मी तेच मागत होते पंकजासाठी. आणि ही बाई म्हणत होती, की गोळ्यांनी ती जाईल.

"तुमचेही हात बघू, आई," त्या मला म्हणाल्या.

माझे हात मी पदराखाली घेतले. "मला काही नाही," मी म्हटलं. "हिलाच दाखवायला आलोत."

घरी आल्यावर बातमी लंकाबाईकडे पोचली, आणि दुसऱ्या दिवशी ती आणि थेंब थांबलेल्या त्या दोघी वैजनाथच्याच टेम्पोत बसून राहात्याला जाऊन आल्या. लंकाबाईचंही रक्त कमीच निघालं. येताना गोळ्यांचं पाकीट नाचवत ती आमच्या ओसरीवर आली.

"म्हंजे मी पुन्यवान न्हाई तर! बरं झालं बाई. आठ दिस लई अवगाडल्यासारखं झाल्तं, म्हशीला शिवी घालावी का न्हाई कळत नव्हतं." मग खाली बसून म्हणाली, "सुकन्याचं तोंड बघाया पायजेल. सगळ्यांना दावत फिरतीया, माजा थेंब ओघाळतो म्हणून." हसता हसता ती एकदम माझ्याकडे वळली. "पर आक्का, पळी तुज्या हातात हुती. तुजं नख कुनी पाह्यलंच न्हाई की."

"चहा ठेवू का?" मी विचारलं.

"चहाचं नाव काढू नगंस. डाक्टरीन मारंल."

डॉक्टर बाई म्हणाल्या तसंच झालं. दोन गुरुवार गेले, आणि तिसऱ्या गुरुवारी मी डबी उघडली तर ती अर्धी भरलेली होती. पंकजा देवघरावरून जाई, येई, आत वळून बघतही नसे. चेहरा सुधारत होता. जिना चढताना थांबायची ती थांबेना. मशीनवर बसून मोबाईलवर गाणी लावायला लागली. सून बरी होत होती. आणि मी त्या अर्ध्या डबीकडे बघून हळहळत होते. असं कसं मन असतं माणसाचं? तिने पुन्हा येऊन बोट बुडवावं असं वाटायचं, आणि लगेच अंग शहारायचं, की मी काय मागते आहे, हिचं दुखणं परत मागते आहे?

पण त्याहून वेगळं एक होतं, ते मी कुणाशी बोलले नाही. अंगारा ओला झाला की त्याला एक वास येतो. पूजेचं पाणी उडून डबीत पडलं की येतो तो. त्या वासाने माझ्याही तोंडाला पाणी सुटत होतं. पूर्वी एक चिमूट होती. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ती कधी दोन-तीन झाली, दुपारची आणि तिन्हीसांजेची वेगळी कधी सुरू झाली, मी बघितलं नव्हतं. मला वाटे, वय वाढतंय तशी भक्ती वाढतेय. माझीही पाळी जायचं वय जवळ आलंय, महिन्याचं कधी येतं कधी नाही, आणि येतं तेव्हा थांबत नाही. त्यातून आठवड्यातले उपास. हे सगळं डॉक्टर बाईंनी पंकजाला विचारलं होतं, आणि मी मनातल्या मनात उत्तरं देत बसले होते.

मी नखांकडे बघायचं सोडलं. भांडी घासताना, कणीक मळताना नजर दुसरीकडे. बोटांना हळद माखून ठेवायची. तीर्थ घेताना हात वळवायची नाही, पळीच तोंडाशी न्यायची. कारण थेंब थांबला तर? तर मग इतकी वर्षं मी रोज पहाटे उठून जे करते आहे, ते कोण करत होतं? मी, की माझ्या रक्तातली उणीव? नाथांपुढे बसलं की विचारावंसं वाटे, पण विचारायचं तरी कसं, जो विचारतोय त्याचाच भरवसा नसताना?

मार्गशीर्षातला गुरुवार होता. सकाळी उठले तर खोली फिरली. खाटेची कड धरून पुन्हा बसले. डोळा लागला असावा, कारण जाग आली ती घंटेने. आमच्या देवघरातल्या घंटेने. मी पदर सावरत आले, तर पंकजा पाटावर बसलेली. दिवा लावलेला, फुलं वाहिलेली. फुलं उलटी वाहिली होती, देठ वर करून. नाथांच्या तसबिरीला कुंकू जरा जास्तच लागलं होतं.

"तुम्ही झोपल्या होत्या, उठवलं नाही," ती म्हणाली. "मला येतं तसं केलं. चुकलं असेल."

हेच तर मागितलं होतं.

"अंगारा घेतलास?" मी विचारलं.

"नको वाटतो आता. वास आला तरी नको वाटतो." ती थोडी थांबली. "कपाळाला लावू का? लावते. सांगा कुठल्या बोटानं."

मी सांगितलं. तिने लावला. मग पळी उचलली आणि म्हणाली, "हात करा."

"मी घेईन माझं माझं."

"रोज सगळ्यांना तुम्ही देता. तुम्हाला कोण देतं? करा हात."

मी हात पुढे केला. वळवला. तिने पळी तळहातावर नाही, मुद्दाम अंगठ्यावर आणली, हे मला कळलं. तिला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक. थेंब पडला.

आम्ही दोघी बघत राहिलो. हळद धुऊन गेली होती. नख मध्ये बसलेलं, कडा उचललेल्या, आणि त्यात थेंब, आणि थेंबात ज्योत. मी हात हलवला नाही. तिने माझं मनगट धरून हळूच कलतं केलं. थेंब थरथरला. पडला नाही.

"आत्या, उद्या राहात्याला जाऊ," ती म्हणाली.

"आणि मग मलाही नकोसा झाला तर?"

"काय?"

मी डबीकडे पाहिलं. तिला कळलं असावं. माझं मनगट तिच्या हातातच होतं. 

"मला नाही माहीत, आत्या," ती शेवटी म्हणाली. "मला खायला नको वाटतो. पण आज इथं बसावं वाटलं. कशानं वाटलं ते सांगता येत नाही. तुम्ही उठला नव्हता, दिवा लागला नव्हता, बरं वाटेना. एवढंच."

तीर्थ टाकत नाहीत. मी अंगठा ओठांना लावला आणि थेंब प्याले.

आता माझ्याही गोळ्या सुरू आहेत. सोनोग्राफीही झाली, त्यावरची औषधं वेगळी. दुपारी जेवणावर पेरू खाते, उपासालाही चालतो. सोमवार आणि गुरुवार तेवढे ठेवलेत, बाकीचे डॉक्टर बाईंनी सोडायला लावले. मी नाथांना सांगून सोडले. जिभेला लागलेली अंगाऱ्याची चव काही दिवसांतच गेली. अगदी गेली. काल ओल्या अंगाऱ्याचा वास आला तो चुलीतल्या राखेसारखाच आला, आणि मी दचकले. पूजेला बसले तर आत काही हलेना. नुसती बसले होते, पाटावर ठेवलेल्या पाटासारखी. नाथांना म्हटलं, आजवर कोण येत होतं मला ठाऊक नाही. आज जी आली आहे तिला इथे ओढून आणणारं काही नाही, तरी ती आली आहे. हिचं काय करायचं ते तुम्ही बघा.

तसबिरीवरचं कुंकू अजून जरा जास्तच होतं. ते पंकजाने लावलं होतं. मागे तिचं मशीन चालू होतं, मग थांबलं. पावलं आली. तिने डबीत बोट बुडवून कपाळाला लावलं आणि माझ्याही कपाळाला लावलं, थोडं वाकडं. मी ते तसंच राहू दिलं.